जाहिराती नकोत? ६९९ टाका

अ‍ॅमेझॉन प्राइम २०१६ साली भारतात आलं तेव्हा वर्षाचे ४९९ रुपये पडायचे. मग ९९९ झाले. डिसेंबर २०२१मध्ये १,४९९. आणि १७ जून २०२५पासून, एवढे मोजूनही, प्राइम व्हिडिओवर मध्येच जाहिराती. नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ टाका. बेरीज २,१९८.

यात सामानही झटपट घरपोच येतं, मान्य. पण साबणाची पावडर लवकर पोचली म्हणून ऐन खुनाच्या तपासात तिचीच जाहिरात का बघायची? खरी मेख पुढेच आहे. ज्यांनी मे महिन्यात अख्ख्या वर्षाचे पैसे एकरकमी भरले होते, त्यांच्याही पडद्यावर जूनमध्ये जाहिराती उगवल्या. पैसे घेऊन झाल्यावर माल बदलायची ही सोय किराणा दुकानदाराला नाही.

आयपीएलवाल्यांची कथा याहून रंगतदार. जिओसिनेमाने २०२३चे सामने फुकट दाखवले. एप्रिल २०२४मध्ये २९ रुपये महिना, क्रिकेट सोडून बाकी सगळं बिनजाहिरातीचं, अशी पाटी लागली. फेब्रुवारी २०२५मध्ये हॉटस्टारशी लग्न लागून जिओहॉटस्टार झालं आणि बिनजाहिरातीच्या प्लॅनचा महिना २९९ला गेला. २९च्या शेपटाला एक ९ चिकटवला, एवढंच! एकाऐवजी चार पडदे दिले, हेही सांगायला हवं. घरात माणसं दोन, पडदे चार. थेट सामन्यात जाहिराती आहेतच. आवळा देऊन कोहळा काढणं ते हेच.

भाव कधी उतरतच नाहीत असंही नाही. प्राइमने दर वाढवले त्याच डिसेंबरात नेटफ्लिक्सने आपला ४९९चा बेसिक प्लॅन १९९वर आणला. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत होतं तेव्हा. आता जिओसिनेमा-हॉटस्टारसारखे स्पर्धकच एकमेकांत विलीन होतात, मग जायचं कुठे? त्याच नेटफ्लिक्सने जुलै २०२३पासून नाशिकच्या मावशीचा पासवर्ड पुण्यातल्या भाच्याला चालेनासा केला.

बदल्यात काय मिळतं? मराठी सिनेमा शोधावा, तर हिंदीत डब केलेली दाक्षिणात्य हाणामारी पुढ्यात. हवा तो सापडलाच, तर त्यावर भाड्याची वेगळी चिठ्ठी. टीव्ही वाहिन्यांना निदान कागदावर तरी तासाला १२ मिनिटं जाहिरातींची मर्यादा आहे. ओटीटीला तीही नाही.

मग करायचं काय? रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वर्गणीचे पैसे आपोआप कापले जाण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो मेसेज नेहमीचा कचरा समजून पुसू नका. यूपीआय अ‍ॅपमधलं ऑटोपे उघडा आणि रद्द करा. एका महिन्याला एकच घ्या, हवं ते बघा, बंद करा. वर्षाचे आगाऊ पैसे मात्र कुणालाच देऊ नका.