मांडीवरचा समुद्र

लोणावळ्यात आभाळच इतकं पाणी ओततं, की घरात वेगळं पाणी पाळायची हौस कुणाला सुचू नये. आमच्या खिडकीत मात्र काचेच्या टाकीत चमचाचमचाने मीठ मोजून केलेला एक समुद्र होता. त्यात आर्टेमिया, म्हणजे ब्राइन श्रिम्प. नखाएवढा, पिसासारखा, फिकट गुलाबी जीव. पोहतो उताणा, श्वास घेतो पायांनी. जन्मतो एका डोळ्यानिशी, आणि मोठेपणी जग पाहण्यासारखं वाटल्यागत त्याला आणखी दोन डोळे फुटतात. बाजारात तो माशांचं खाद्य म्हणून मिळतो. त्याला जीव लावून पाळणं म्हणजे देवाला सोडून नैवेद्याचीच पूजा करणं. पण तो अगदीच परका नव्हे. मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांत तो सापडल्याची नोंद १९५३ सालची आहे. एकेकाळी कोकणचं मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढे. आमचा समुद्रही त्याच वाटेने वर आला, असं मी मानून टाकलं होतं.

मग आम्ही तळेगावला बिऱ्हाड हलवलं. सामान टेम्पोतून पुढे गेलं. समुद्र काही टेम्पोवाल्याच्या हवाली करवेना. आदल्या रात्री खोलीत अंधार करून टाकीच्या एका कोपऱ्याशी बॅटरी धरली. सगळी मंडळी काकडआरतीला जमावी तशी उजेडाशी गोळा झाली. बारीक नळीने त्यांना त्यांच्याच जुन्या पाण्यासकट बरणीत उतरवलं. मिठाचं प्रमाण एकदम बदललं तर त्यांना सोसत नाही. सकाळच्या लोकलमध्ये बरणी मांडीवर घेऊन बसलो. समोर एकवीरेला निघालेली एक कोळीण मावशी. तिने बरणीत बराच वेळ डोकावून विचारलं, "ही कोलंबी कवा मोठी व्हणार रं पोरा?" म्हटलं, "मोठीच आहे, मावशी." मळवलीला उतरताना तिने जी कणवेची नजर टाकली, ती कोलंबीवर नव्हती.

आईचं म्हणणं याहून सरळ होतं. "यांची अंडी सुकी राहतात ना वर्षानुवर्षं? मग पाकिटात घालून ने की." खरंच होतं ते. १९७२ साली अपोलो १६ मधून ही अंडी चंद्रापर्यंत जाऊन आली, तीही कुणाच्या मांडीवर न बसता. त्यांची गोड्या पाण्यातली भावंडं तर आमच्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळी डबक्यांत राहतात. २०१४ साली त्यांतल्या एका जातीला सह्याद्रीचंच नाव मिळालं. डबकं आटलं की त्यांची अंडी मातीत पडून राहतात आणि पुढच्या पावसाची वाट पाहतात. बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच येत नाही. डबकंच जातं आणि डबकंच परत येतं.

हे सगळं मी आईला लोकलमध्येच सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. तिच्याही मांडीवर एक ओझं होतं: जुन्या अंगणातली तुळस, कुंडीसकट, मातीसकट. मंजिऱ्या तर एका चिमटीत मावल्या असत्या.