आडवा सात, उभा सात

शब्दकोडं मी पेनाने सोडवतो. पेन्सिलवालेही आमच्या नौपाड्यात आहेत, सज्जन आहेत, पण १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय काढणाऱ्या ठाण्यात खोडरबर घेऊन बसणं शोभत नाही. भरलेलं कोडं मी टीपॉयवर असं पसरतो, की पाहुण्याची नजर आधी त्यावर पडावी, मग चहावर.

माझा खरा दरारा तुकड्यांत. लाकडाचा? ढलपी. दगडाचा? कपची. कागदाचा? कपटा. भिंतीच्या सुटलेल्या रंगाचा? पोपडा, पुनर्विकासाची वाट बघणाऱ्या आमच्या इमारतीत त्यासाठी डोकं खाजवावं लागत नाही, मान वर केली की झालं. नुसतं 'तुकडा, घरं दोन' असं विचारणाऱ्याला मात्र संध्याकाळी गोखले रोडवर पार्किंग शोधायला लावावं. काप लिहू की फोड?

डिसेंबर १९१३मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात पहिलं कोडं छापणाऱ्या आर्थर विनला भाकरी ठाऊक नसावी, म्हणून तो सुखी. आपल्याकडे पाव भाकरी म्हणजे चतकोर, त्याहून लहान ती नितकोर. दोन्हींना घरं चार, शेवटची तीन अक्षरं तीच! बरं, ही मापं ताटात खरी उतरतील तर शपथ. 'चतकोर घ्या' म्हणणारी अर्धी वाढते. 'नितकोर बास' म्हणणारा चतकोर संपवून ठेच्याकडे बघतो, की ठेच्यासाठी आणखी नितकोर. मग उरलेल्या भाकरीसाठी ठेचा. सासुरवाडीला हे चक्र आमटी संपेपर्यंत चालतं.

आई मात्र सगळ्यांचं झाल्यावर 'मला चतकोर पुरे' म्हणायची, कारण तेवढीच उरलेली असायची. शेवटच्या आजारपणात 'नितकोर दे रे' म्हणायला लागली. तीही दुधात भिजून तशीच राहायची.

परवा आडवा सात आला: 'भाकरीचा तुकडा'. मी ठसठशीत 'नितकोर' लिहिलं. बायको खांद्यावरून डोकावली.

"अहो, उभा सात बघा. 'स्वयंपाकघरातलं साधन', तीन अक्षरं. चमचा. म्हणजे आडवा चतकोर."

पण त्या घरात मला 'नि'च हवा होता.

"निमचा," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"आखूड तलवार."

"स्वयंपाकघरात?"

"पूर्वीची घरं मोठी होती."

ती काही बोलली नाही. रात्री ताट वाढलं, आमटीचं पातेलं समोर ठेवलं आणि म्हणाली, "घ्या हाताने. निमचा भिंतीवर टांगलाय."