डाग म्हणे पाडायचेत!

अहो, ऐकलंत का? या जरा कुंपणापाशी. गॅसवर दूध आहे? बंद करून या, दोन मिनिटांत सांगून होणारं नाही हे.

तो कोट गेला! कोणता म्हणजे काय, कोपऱ्यावरच्या अध्यक्षीणबाईंच्या मिस्टरांचा, लग्नातला. खरा लोकरीचा हो, दरवर्षी डांबरगोळ्या घालून ठेवायच्या त्यात. आणि स्वतःच्या हातानं घालवला बाईंनी. मी काही बोलले नाही. मी कशाला बोलू? पण थांबा, मी मधूनच सुरू केलं.

तुम्ही दिवाळीला माहेरी होतात, म्हणून सगळं चुकलं तुमचं. पाच नोव्हेंबर, रंगभूमी दिन. सांगलीत राहायचं आणि त्या दिवशी गप्प बसायचं म्हणजे काय? 1843 मध्ये विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते इथंच की. तिकडं भावे नाट्यमंदिरात मोठ्या नटांना पदक देतात, आपण आपल्या कॉलनीच्या हॉलमध्ये आपल्यापुरतं करतो. तर यंदा ठरलं ‘एकच प्याला’. सगळं कुठलं झेपतंय, निवडक प्रवेश. सिंधू म्हणजे बँकेतल्या वहिनी. सुधाकर म्हणजे आपले रिटायर्ड हेडमास्तर. हसू नका, विग लावल्यावर बरे दिसतात.

कपडे भाड्यानं आणले. गठ्ठा उघडला आणि काय सांगू! लुगडं असं कडक इस्त्रीचं, खळ एवढी की हात लावला तर कर्र वाजावं. ते नेसून वहिनी जात्यावर बसल्या. आता चौथ्या अंकातली सिंधू म्हणजे लोकांची दळणं दळून पोरगं जगवणारी बाई, हो की नाही? कुणी काही बोलेना. तेवढ्यात बँकेतल्या वहिनींची धाकटी, ती पुण्याला नाटक शिकते ती, मागच्या खुर्चीवरून म्हणाली, “आई, तू दळायला बसलीयस की रुखवत मांडायला?”

अध्यक्षीणबाईंचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. कपडे त्यांनीच निवडून आणले होते ना. म्हणाल्या, “संगीत नाटक आहे हे, जरा भरजरी नको?” तर हेडमास्तर उठले. त्यांना तेवढंच हवं असतं. म्हणाले, “बाई, भरजरी शालूंसाठी नावाजलेले बालगंधर्व, ते सिंधू करायला उभे राहिले ते ठिगळाच्या लुगड्यात. 1919 साली. गडकरी जानेवारीत गेले, फेब्रुवारीत बडोद्याला पहिला प्रयोग. आणि नागठाण्याचे बालगंधर्व आपलेच की हो!” बाई गप्प. पण ओठ असे आवळलेले, की मी शेजारणीला कोपरानं ढोसलं.

बरं, भाड्याच्या कपड्यांना हात लावायची सोय नाही. डाग पडला की डिपॉझिट बुडालं. मग धाकटी म्हणाली, घरातलं जुनं काढा, आपण बिघडवू.

इथं खरी गंमत. प्रत्येकीनं जुनं म्हणून जे आणलं ना… एक तर ते आपल्या-तुपल्यापेक्षा नवं, नाहीतर बोहारणीनं तोंड मुरडून परत केलेलं. माझी सुती लुगडी तर मागेच गेली, त्यांचा डबा आला, तो तुम्ही बघितलाय, लाडवांचा. अध्यक्षीणबाईंनी मोठ्या मनानं एक साडी दिली. पॉलिस्टर! रात्रभर चहाच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि सकाळी काढली तर जशीच्या तशी, उलट वासानं छान. सुती कापड चहा पितं, पॉलिस्टर पीत नाही, असं धाकटी म्हणाली. बाई म्हणाल्या, “आमची साडी उंची आहे, डाग धरतच नाही.” म्हणजे बघा, त्यातही मोठेपणा.

शेवटी गल्लीच्या टोकाच्या आजींनी सासूबाईंची नऊवारी काढून दिली. बाकीच्यांसाठी कापड पेठेतून मांजरपाट आणला. तो आधी सोड्याच्या गरम पाण्यात घालून खळ काढली, नाहीतर रंग आत शिरतच नाही म्हणे. मग माझ्याच अंगणात चूल मांडली. मोठं पातेलं, चहा पावडर उकळ उकळ उकळली, त्यात तुरटी. पातेलं आमचं, पावडर आमची, आणि फोटोत बघाल तर पुढं कोण? जाऊ दे. लुगडं ओलं करूनच सोडायचं, कोरडं टाकलं की धब्बे पडतात. आणि पिळून तसंच चुरगळून वाळवायचं, म्हणजे चुण्यांमध्ये रंग साचतो. ओलं असताना वाटतं फार झालं, वाळलं की निम्मं उरतं. पुन्हा चूल पेटवा.

तर काय सांगत होते… हां, हळद! बँकेतल्या वहिनींच्या सासूबाई दुपारी डुलकी काढून बाहेर आल्या. म्हणाल्या, “चहा कशाला वाया घालवताय? सांगलीत हळदीला काय तोटा?” आणि कुणाला कळायच्या आत मूठभर हळद एका धोतरावर. पिवळंधमक! तरी म्हटलं चालेल. पण कामवाल्या मावशींनी बिचारीनं चांगल्या मनानं साबण लावला त्याला. अहो, लालभडक! हळद आणि साबण, दुसरं काय होणार. धोतर की हळदीकुंकवाचा सडा, कळेना. सासूबाई म्हणतात, “बघा, शुभ झालं.” धाकटीनं लिंबू पिळलं तर परत पिवळं. मग दिलं उन्हात टाकून. हळद उन्हाला टिकत नाही, ते तुम्हाला-मला सांगायला नको. चार उन्हं खाल्ली आणि असा छान मळकट रंग उरला की तेच धोतर तळीरामाला दिलं. सासूबाई आता सगळीकडं सांगत फिरतायत, आयडिया आपलीच म्हणून.

आणि गंजाचं पाणी! प्लंबरकडून गंजके खिळे आणले, बरणीत व्हिनेगर ओतून अध्यक्षीणबाईंच्या मोरीत ठेवले बरेच दिवस. चहात बुडवलेल्या कापडावर ते ब्रशनं लावलं की डोळ्यांदेखत काळपट होतं. मी म्हटलं जादू आहे. हेडमास्तर म्हणाले, जादू कसली, पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे तेच हे. पण जपून हं, जास्त झालं तर लोखंडानं कापड कुजतं. धाकटी काठाला आणि बगलेत तेवढंच लावत होती.

आता भोकांचं सांगते. धाकटी जेवायला गेली होती. तेवढ्यात अध्यक्षीणबाईंनी कात्री घेतली आणि आजींच्या त्या लुगड्याला इथं एक, तिथं एक, गोल गोल. पोरगी परत आली, लुगडं उचललं, उजेडात धरलं. तिच्या तोंडावर काही दिसेना हो, हेच वाईट. मग हळूच म्हणाली, “काकू, हे उंदरानं खाल्लंय. सिंधूनं वापरलेलं नाही.”

शांतता! सुई पडली असती तर ऐकू आली असती, आणि सुया होत्याच आमच्या हातात.

पण पोरगी हुशार, भांडत बसली नाही. आईला ते लुगडं नेसवलं, जात्यावर बसवलं आणि म्हणाली, दळ. खरे गहू घालून. आम्ही सगळ्या भोवती. एक पाय लांब, एक मुडपलेला, खुंटा फिरतोय आणि ही खडू घेऊन बघतेय. जिथं कापड ताणलं जाई तिथं रेघ. मुडपलेल्या गुडघ्यावर, बसायच्या जागी, उजव्या खांद्यावर. वहिनी मध्ये थांबल्या आणि न कळत कमरेपाशी हात पुसला, तर तिथंही रेघ, आणि म्हणाली, “इथं पिठाचा हात लागणार, रोज, एकाच जागी.” अहो, मी इतकी वर्षं घरात लुगडी बघितली, सासूबाईंची, आजेसासूबाईंची, ती विरायची ती तिथंच, गुडघ्याला आणि कमरेला. हे आपण बघितलेलं असतं, पण बघितलेलं नसतं… काय म्हणतेय मी ते कळतंय ना?

मग त्या रेघांवर किसणी. हो, गाजराची. माझी! आतून हात घालून कापड ताणायचं आणि वरून हलक्या हातानं किसणी फिरवायची. धागे उसवत नाहीत, विरतात. मग पॉलिश पेपर. बाईंची भोकं मात्र ठिगळं लावून झाकली. त्यावरूनही वाद! दुसऱ्या वहिनी म्हणाल्या, गरीब बाई आहे, टाके वेडेवाकडे घाला. धाकटी म्हणाली नाही. सिंधू चांगल्या घरची, पद्माकराची बहीण. पैसा गेला म्हणून हाताची सवय जात नाही. टाके बारीक, एका ओळीत, दोरा मात्र मिळेल तो, दुसऱ्या रंगाचा. मला हे फार पटलं. मीच घातले ते टाके, तुम्ही जवळून बघा एकदा.

बरं, कोट. कोटावरच येतेय. सुधाकर वकील ना, सनद गेली तरी कोट अंगावर असणारच. अध्यक्षीणबाईंना वाटलं, एवढीशी पोरगी आपल्याला शिकवते काय! जाऊन मिस्टरांचा कोट काढला आणि घरच्या मोरीत गुपचूप खांद्यांवर ब्लीच ओतलं, उन्हानं विटलेला दिसावा म्हणून. सुती असता तर विटलाही असता. पण लोकर आणि रेशीम ब्लीचला टिकतंय होय? आधी पिवळा पडला, मग बुळबुळीत, मग बोट लावलं तर बोट आरपार. घाबरून बाईंनी धुवायला म्हणून हात पुढं केला तो कशाकडं? तर गंजाच्या त्या बरणीकडं. व्हिनेगरची हो! धाकटी आणि मी नेमक्या बरणी न्यायला गेलो होतो, तिनं अशी किंचाळून ती ओढून घेतली… ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, छातीत जातो. तेवढ्या बंद मोरीत! हसण्यावारी नेलं आम्ही नंतर, पण माझे हात गार पडले होते खरंच.

आणि तेवढ्यात मिस्टर फिरून आले. दारात चपला काढताहेत. म्हणाले, “काय वास येतोय? आणि माझा कोट का बाहेर?” कुणी बोलेना. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी कॅलेंडरकडं.

मिस्टर भला माणूस. कोट उचलला, भोकातून आमच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “तरी मला घट्टच होत होता.” झालं.

पोरगी मात्र खूश! म्हणाली, असा कोट शोधून सापडत नाही. ब्लीच सगळं धुऊन काढलं, खांद्याला ठिगळ. कोट ओला असतानाच खिशांत दगड भरले आणि तसाच टांगला. वाळेपर्यंत खिसे असे लोंबले, जणू वर्षानुवर्षं त्यांत बाटली वागवलीय. कॉलरला आणि कोपरांना साबणाची कोरडी वडी घासली, तेलकट चकाकी आली. खाली मुलतानी मातीचे शिंतोडे. हेडमास्तरांनी अंगात घातला आणि आपोआप खांदे पाडून उभे राहिले. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, “काढा तो आधी, बघवत नाही.”

रंगीत तालमीला काय झालं, तर हॅलोजन लावले आणि आमचे सगळे डाग गायब! एवढं केलेलं तिसऱ्या रांगेतून दिसेना. दिव्यांच्या झोताखाली फिके डाग उरतच नाहीत म्हणे. पुन्हा रात्री पातेलं. उलट रामलालचं स्वच्छ धोतर असं भगभगायला लागलं की डोळे दिपावे, त्यालाही चहात एक बुडी. म्हणजे स्वच्छ माणसालासुद्धा स्टेजवर जरा मळवावं लागतं.

एक सांगायचं राहिलं. त्या टोकाच्या आजी. तालमीच्या दिवशी पिशवीतून एक धोतर घेऊन आल्या. 2019 च्या पुरात ट्रंकेत राहिलेलं, आजोबांचं. निम्म्यापर्यंत ती मातकट रेघ, पाणी जिथवर चढलं तिथवर, वर कडेला काळी किनार. किती वेळा धुतलं असेल. धाकटीनं हातात घेतलं, बराच वेळ रेघेवरून अंगठा फिरवत राहिली आणि म्हणाली, “आजी, हे मला करता येणार नाही.” सगळ्यांचे चेहरे उतरले. आपल्यातलं कोण सुटलं होतं त्या पुरातून? तर आजी म्हणतात, “मग करू नकोस, हेच घाल. बोहारीण तर भांड्याचं झाकणसुद्धा देत नाही त्याचं.” हेडमास्तर तेच नेसले शेवटच्या प्रवेशाला.

प्रयोग? अहो, छान झाला की! वहिनींचा सूर एकदोनदा घसरला, पण मी काही म्हणत नाही. जात्यावर बसल्या तेव्हा पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मागून कुणीतरी म्हणालं, “इतकं फाटकं कुठून मिळवलं असेल?” अध्यक्षीणबाई चटकन मागं वळून म्हणाल्या, “आम्ही घरीच केलं.” आम्ही!

आणि आता ताजी बातमी, त्यासाठीच हाक मारली तुम्हाला. पलीकडच्या कॉलनीवाल्यांना नाटक बसवायचंय, दारुड्याचं काम आहे, त्यांना तो कोट हवाय. काल आले होते. बाईंनी सोफ्यावर बसवलं, चहा दिला, तो प्यायचा हं, आणि कोट दिला भाड्यानं. वर डिपॉझिट घेतलं. पावती फाडून, त्यावर स्वतःच्या हातानं अट लिहून दिली: कोट धुऊन आणल्यास डिपॉझिट परत मिळणार नाही.