आधी उजेड मोजा

भाच्याने परवा प्लॅन पाठवला. ‘मावशी, तू ॲरिझोनात असतेस, एकदा नजर टाक.’ टाकली. २४ डिसेंबरला सॅन होजेहून निघायचं, १ जानेवारीच्या रात्री घरी. मध्ये डेथ व्हॅली, झायन, ब्राइस, कॅपिटल रीफ, आर्चेस, कॅन्यनलँड्स, मॉन्युमेंट व्हॅली आणि ग्रँड कॅन्यन. गाडीत तो, त्याची बायको, पाच वर्षांची लेक आणि सांगलीहून आलेले आई-बाबा, म्हणजे माझी ताई आणि भावोजी. एक्सेलच्या तक्त्यात मैल आहेत, हॉटेलं आहेत, दशम्यांचा डबा कुठे उघडायचा तेही आहे. सूर्य किती वाजता मावळतो, हा रकाना नाही.

दर नोव्हेंबरात असे चार-पाच तक्ते माझ्याकडे येतात. बे एरियातून, डॅलसहून, कधी थेट पुण्याहून. तो रकाना एकातही नसतो. म्हणून भाच्याला द्यायचं उत्तर या आठवड्यात इथेच लिहिते आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिण यूटामध्ये दिवस असतो जेमतेम साडेनऊ तासांचा. त्याच दिवशी पुण्यात अकरा तास उजेड असतो. ग्रँड कॅन्यनला सूर्य साडेसातनंतर उगवतो आणि सव्वापाचच्या सुमारास मावळतो. भाच्याच्या तक्त्यात एकूण प्रवास साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रोज चार तास गाडीत आणि काही दिवस आठ-दहा. पाच वर्षांच्या पोरीचं आवरून, भावोजींची औषधं देऊन, चहा होऊन गाडी हलायला नऊ वाजणार. बघायला उरतात फार तर चार तास, आणि लांबच्या दिवशी काहीच नाही. तेवढ्यासाठी सांगलीहून माणसं आणायची का?

त्यात लास व्हेगासहून झायनकडे निघालं की वाटेत घड्याळ एक तास पुढे जातं. तो तासही तक्त्यात धरलेला नाही.

‘रात्री उशिरा पोचू’ हे उत्तर मला मान्य नाही. दिवसा वितळलेलं बर्फाचं पाणी संध्याकाळी रस्त्यावर पुन्हा गोठतं. त्याचा थर इतका पातळ असतो की खालचं काळं डांबर दिसत राहतं आणि रस्ता नुसता ओला वाटतो. हरणं याच वेळेला रस्ता ओलांडतात. मैलोन् मैल फोनला रेंज नसते. भाड्याच्या गाडीला चाकाच्या साखळ्या लावायची परवानगी बहुतेक करारांत नसते. अशा रस्त्यावर अंधारात लेकरू आणि म्हातारी माणसं घेऊन जायचं नाही. पाचच्या आत मुक्कामाला. यावर चर्चा नको.

दुसरी चूक ‘वाळवंट’ या शब्दाने होते. तो ऐकला की आपल्याला जैसलमेर दिसतं, वाळू आणि उंट दिसतात, आणि भावोजींच्या बॅगेत एकच स्वेटर जातो. इथलं वाळवंट म्हणजे कोलोरॅडोचं रखरखीत पठार. पाऊस कमी म्हणून ते वाळवंट, पण उंची बघा. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २१०० मीटर. ब्राइसचा काठ २४०० पासून सुरू होतो आणि रेनबो पॉइंटपाशी पावणेअठ्ठावीसशेच्या वर जातो. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक डोंगर रचायचा आणि डिसेंबरात त्यावर उभं राहायचं. ग्रँड कॅन्यनच्या काठावर डिसेंबरात दुपारी पाच-सहा अंश असतात, रात्री उणे सात. त्याच दिवशी खाली नदीकाठी तेरा-चौदा अंश असू शकतात. एकाच पार्कात दोन ऋतू. कपडे नकाशावरचं गाव बघून भरायचे नसतात, उंची बघून भरायचे.

अंतराचंही तसंच. ग्रँड कॅन्यनचा उत्तर काठ दक्षिण काठावरून समोर दिसतो, सरळ रेषेत सोळा किलोमीटर. गाडीने जायचं तर साडेतीनशेच्या आसपास. आणि हिवाळ्यात उत्तरेचा रस्ता बर्फामुळे बंदच असतो. सॅन होजेहून डेथ व्हॅलीला योसेमिटीतून टायोगा खिंडीने जायचा सुंदर रस्ता आहे, तोही नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतो तो थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी उघडतो. भाच्याने हा प्लॅन सप्टेंबरात केला, तेव्हा फोनने त्याला टायोगावरून नेलं. आता बेकर्सफील्डवरून वळसा आहे. पहिल्याच दिवशी प्लॅन मोडतो.

आता मला जे मनापासून सांगायचं आहे ते सांगते.

आठ वर्षांपूर्वी डिसेंबरात तुझी आजी माझ्याकडे आली होती. मी असाच तक्ता केला होता. सकाळी पेज गावाजवळचा, घोड्याच्या नालेसारखा नदीचा वळसा, दुपारी वाटेतले दोन कडे, संध्याकाळी ग्रँड कॅन्यनचा सूर्यास्त. पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं कमी होती. कठड्याला हात लावून उभं राहिलो. समोर नुसता काळोख, आणि खालून वर येणारा गार वारा. दुसऱ्या दिवशी सकाळी दरी काठोकाठ धुक्याने भरलेली. हिवाळ्यात कधी कधी असं होतं. थंड, जड हवा दरीत बसते, वर उबदार हवेचं झाकण येतं आणि ढग आतच कोंडला जातो. दुपारपर्यंत तो बऱ्याचदा निवळतो. पण आमचं पुढचं हॉटेल ठरलेलं होतं. दहाला निघालो. फ्लॅगस्टाफला पोचलो तर लख्ख ऊन. मागे वळायला दीड तास लागला असता. मी वळले नाही. आई काहीच बोलली नाही.

नंतर तिचे गुडघे गेले, ती पुन्हा अमेरिकेत आली नाही. आईने ग्रँड कॅन्यन पाहिलेलं नाही. ती तिथे जाऊन आली आहे, एवढंच. हे मला आजही टोचतं.

म्हणून मी भाच्याच्या तक्त्यावर लाल पेन चालवलं. आधी आर्चेस आणि कॅन्यनलँड्स खोडले, मग कॅपिटल रीफ, मग मॉन्युमेंट व्हॅली. शेवटी ग्रँड कॅन्यनही खोडलं. त्याचा फोन आला. ‘मावशी, अगं ग्रँड कॅन्यनच काढलंस?’ काढलं. कारण ताई-भावोजी मार्चपर्यंत इथे आहेत. फेब्रुवारीत त्यांना विमानाने फिनिक्सला पाठव, मी नेते. दक्षिण काठावरचा हर्मिट रोड, अकरा किलोमीटर, अगदी कड्यालगत जातो. मार्च ते नोव्हेंबर तिथे खाजगी गाडीला मज्जाव असतो, बसनेच जावं लागतं. डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी हे तीनच महिने आपली गाडी नेता येते. ताईला चालायला नको. गाडीतून उतरायचं, चार पावलं टाकायची, बघायचं, गारठलं की परत गाडीत. आणि धुकं आलंच तर थांबायचं. मी तीन रात्री धरणार आहे.

तिथे भावोजींना एक गोष्ट दाखवायची आहे. दरीतल्या शिखरांना विष्णू, शिव, ब्रह्मा अशी नावं आहेत. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात अशी नावं द्यायला सुरुवात केली. तळातल्या अतिप्राचीन खडकालाही विष्णूचंच नाव आहे. तो सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा. भूगोल शिकवण्यात हयात गेलेला माणूस तिथे तासभर गप्प उभा राहील, आणि त्याला तो तास मिळायला हवा.

डिसेंबरसाठी तीनच जागा ठेवल्या. डेथ व्हॅली, झायन, ब्राइस. प्रत्येक ठिकाणी दोन रात्री.

डेथ व्हॅलीला जायचे दिवस हेच. १० जुलै १९१३ ला तिथे ५६.७ अंश तापमान नोंदलं गेलं, पृथ्वीवरचा अधिकृत उच्चांक. डिसेंबरात दुपारी अठरा-एकोणीस, सांगलीच्या थंडीतल्या सकाळसारखं. बॅडवॉटरला मिठाच्या पांढऱ्या पटांगणावर नातीला पळू दे. तिथे ती समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली असेल. मग बरोबर त्या पटांगणाच्या डोक्यावर, दांतेज व्ह्यूला न्या. ती जागा १६६९ मीटर, कळसूबाईहून किंचित उंच. खाली स्वेटर काढलेला असेल, वर कानटोपी लागेल. पाण्याचे कॅन गाडीत हवेतच, थंडीतही. पेट्रोल पार्कात दोन-तीन ठिकाणीच मिळतं आणि महाग मिळतं, त्यामुळे आत शिरण्यापूर्वी टाकी भर. नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घे आणि फोन म्हणाला तरी कच्च्या रस्त्याला लागू नकोस.

झायनला नाताळच्या आठवड्यात शटल बस असते. ती चालू असताना दरीतल्या मुख्य रस्त्यावर स्वतःची गाडी नेता येत नाही. बस चांगली आहे, तक्रार करू नका. एंजल्स लँडिंगचा कडा मनातून काढून टाक. २०२२ पासून त्याला परवाना लागतो, आणि बर्फ असताना साखळी धरून त्या धारेवर चढायचं हे पाच वर्षांच्या मुलीच्या बापाचं काम नाही. नदीकाठची पा’रस पायवाट सपाट आणि डांबरी आहे. ताई तिच्यावरून हळूहळू चालेल, दोन्ही बाजूंना लाल कडे असतील.

मग ब्राइस. सगळा प्रवास मी या एका जागेसाठी वाचवला आहे.

सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी इथे तळी होती. त्यांच्या गाळाचा चुनखडक झाला, लोहाने त्याला गुलाबी आणि केशरी रंग दिला. पठार उचललं गेलं आणि काठ उघडा पडला. नदीने कोरलेली दरी ही नव्हेच. हे सुळके, त्यांना हूडू म्हणतात, घडवले बर्फाने. दिवसा उन्हात बर्फ वितळतं, पाणी खडकाच्या भेगेत उतरतं. रात्री ते गोठतं आणि गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. भेग तेवढी रुंदावते. वर्षातल्या जवळजवळ निम्म्या रात्री हे चालतं. आधी पठाराची भिंत होते, भिंतीला खिडकी पडते, खिडकीचं छत कोसळतं आणि दोन्ही बाजूंचे खांब उरतात. उन्हाळ्यात जाणारे तयार मूर्ती बघून येतात. डिसेंबरात कारागीर कामावर असतो. सकाळी आठच्या सुमाराला, पहिलं ऊन पडलं की काठावर शांत उभे राहा. कुठेतरी एखादा खडा सुटतो आणि घरंगळत जातो. केशरी सुळक्यांच्या डोक्यावर पांढरा बर्फ, वर निळंशार आभाळ. दुपारी बारा वाजता पोचून फोटो काढणाऱ्याला यातलं काही मिळत नाही.

बर्फ जोरात पडलं तर तिथला मुख्य रस्ता तिसऱ्या मैलापाशी बंद करतात आणि साफ झाला की उघडतात. बंद असला तर रागावायचं नाही. सनराइज पॉइंट आणि सनसेट पॉइंट त्याच्या अलीकडे आहेत, दोघांमधली वाट जवळपास सपाट आहे. दोन दिवसांना तेवढं पुरतं.

पैशांचं एक. १ जानेवारी २०२६ पासून ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस धरून अकरा पार्कांत सोळा वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्याला माणशी १०० डॉलर जादा लागतात. परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. ताई-भावोजींसाठी फेब्रुवारीचा प्रवासही धरून आधीच हिशेब कर. फाटकावर म्हाताऱ्या माणसांसमोर ‘बापरे, एवढे?’ असं तोंडातून निघू देऊ नकोस. ती दोघं पुढचा सगळा प्रवास अवघडून बसतील.

आणि साडेचौदा तासांची रात्र वाया जात नाही. यूटातलं नॅचरल ब्रिजेस हे २००७ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क ठरलं. ब्राइस आणि डेथ व्हॅलीही त्या यादीत आहेत. कालनिर्णय बघून अमावास्येच्या आसपासचे दिवस मिळाले तर उत्तम. जेवून आठ वाजता गाडीतले दिवे बंद करून दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या. पूर्वेकडून मृग वर आलेला असेल, मागोमाग व्याध. भावोजींनी ही नक्षत्रं सांगलीत गच्चीवरून तुला दाखवली होती, तुझ्या लेकीलाही तेच दाखवतील.

ताईला थर्मलचे दोन जोड घे, हातमोजे आतून लोकरीचे घे. बुटांवर चढवायचे लोखंडी काटे आजच मागव, पाचही जणांचे. भावोजींच्या बुटाचा नंबर तुला माहीत नसेल. त्यांना विचार.