मामा वळणावरच का उभे असतात?

"मार्च एंड सुरू झाला म्हणायचा," मी म्हटलं. "काल आमच्या धाकट्याला कॅनॉलच्या वळणावर धरलं. पीयूसी नुकतीच संपली होती, तेवढ्यावर. टार्गेट पुरं करायचं असणार मामांना."

कुंपणापलीकडे नाना जास्वंद छाटत होते. नाना कोषागारातून निवृत्त झालेला माणूस. मार्च एंड हा शब्द त्यांच्यापुढं असा सहज टाकायचा नसतो. कात्री थांबली.

"टार्गेट कुणाचं? दंडाचा पैसा कुठं जातो, माहितीये तुला?"

"कुठं म्हणजे? त्यांच्याच..."

"पावती फाडली की पैसा सरकारी तिजोरीत. त्या चौकीच्या वाट्याला त्यातला रुपयासुद्धा येत नाही. आता पावती न फाडता जो जातो, त्याचं लेखाशीर्ष मला उभ्या नोकरीत सापडलं नाही, ती गोष्ट निराळी."

एवढ्यात माई पायरीवर मटार सोलायला येऊन बसल्या. दोघं लेकीकडं न्यू जर्सीला सहा महिने राहून नुकतेच परतलेत. माईंनी तिकडून बदाम आणि आकाशकंदिलाएवढी शाम्पूची बाटली आणली. नानांनी आणला अहवाल. तिकडं पायी कुठं जायची सोय नाही, जावई-लेक दिवसभर कामावर, मग नानांनी लेकीच्या लॅपटॉपवर अमेरिकन सरकारचा शंभरावर पानांचा अहवाल वाचून काढला. कशाचा, तर वाहतुकीच्या पावत्यांचा. माणूस सुट्टीत रहस्यकथा वाचतो, नाना जमाखर्च वाचतात.

"फर्ग्युसन," नाना म्हणाले.

"कॉलेज?"

"मिसुरी राज्यातलं गाव. एकवीसेक हजार वस्ती. 2014 साली तिथं पोलिसाच्या गोळीनं मायकेल ब्राऊन नावाचा पोरगा मेला, दंगल उसळली, आणि केंद्राचं न्याय खातं चौकशीला उतरलं. मार्च 2015 मध्ये अहवाल आला. बघायला गेले गोळीबार आणि हाती लागलं बजेट! गावचा वित्त अधिकारी पोलिसप्रमुखाला सरळ लिहितो, की बाबा, वर्ष संपायच्या आत पावत्या चांगल्या वाढवल्या नाहीत तर पुढच्या वर्षी जमा वाढणं कठीण आहे. लेखी! ई-मेलवर!"

"म्हणजे टार्गेटच की."

"टार्गेट हा शब्द नाही. पण 2015 च्या बजेटात सव्वातेरा दशलक्ष डॉलर महसूल धरलाय, आणि त्यातले तीन दशलक्षांच्या वर दंड आणि कोर्ट फीचे. आधी धरलेत, कळतंय का? जमा म्हणून धरून ठेवलेत. म्हणजे लोकांनी पुढच्या वर्षी किती चुका करायच्या हे नगरपालिकेनं आदल्या वर्षीच मंजूर करून टाकलंय." नाना कात्री हवेत नाचवत होते. एका फांदीला उगाचच कळ्यांसकट कात्री लागली. "माझ्या हाताखाली कुणी असा अंदाज धरला असता तर मी फाईल परत पाठवली असती."

"त्या बाईचं सांगा तिला," माई म्हणाल्या.

त्या बाईचं माईंनीच सांगितलं. बाईनं 2007 साली गाडी चुकीच्या जागी लावली. दोन पावत्या, मिळून 151 डॉलर. गरीब बाई, मधूनमधून राहायला घरही नसायचं. तारखा चुकल्या, की प्रत्येक चुकीला नवा दंड, नवं वॉरंट. दोनदा अटक, सहा दिवस कोठडी. 2014 च्या शेवटापर्यंत बाईनं 550 डॉलर भरले होते आणि तरी 541 बाकी निघत होते.

"सावकारसुद्धा बरा," माई म्हणाल्या आणि मटारची एक शेंग जरा जोरातच फोडली.

नाना पुढं सांगत होते, की तिथले पोलीस आपसात पैज लावायचे, एकाच गाडीवाल्याला जास्तीत जास्त पावत्या कोण देतो. एकेकाला चौदापर्यंत! साहेब लोक बढतीसाठी बघणार काय, तर पावत्यांचा आकडा. आणि हे सगळं कुणावर? गावात काळे लोक 67 टक्के, पण रस्त्यात थांबवलेल्या गाड्यांत 85 टक्के आणि पावत्यांत 90 टक्के तेच. मला धाकट्याची पीयूसी एकदम क्षुल्लक वाटायला लागली, हेही खरं.

"पण नाना, एखादं गाव वाईट असेल."

हे म्हणायला नको होतं. नानांच्या खिशात गावांची यादीच होती. ओहायोत न्यू रोम म्हणून खेडं होतं. माणसं साठ, आणि एकेकाळी पोलीस चौदा! हमरस्ता गावातून जेमतेम हजारेक फूट जायचा, तेवढ्यात वेगाची मर्यादा 45 वरून एकदम 35 वर आणलेली. बाहेरचा माणूस ब्रेक लावेपर्यंत पावती तयार. 2004 मध्ये कोर्टानं गावच बरखास्त केलं. फ्लोरिडात वाल्डो. तिथल्या पोलिसांनीच 2014 साली नगरपरिषदेपुढं उभं राहून सांगितलं, की बारा तासांच्या पाळीत बारा पावत्या फाडायची सक्ती आहे. महिन्याभरात ते पोलीस खातंच बंद झालं. अलाबामात ब्रुकसाइड, साडेबाराशे वस्ती. 2020 मध्ये गावच्या उत्पन्नातला निम्मा वाटा दंड आणि जप्तीचा. पेपरात छापून आलं आणि पोलिसप्रमुख राजीनामा देऊन मोकळे.

"आणि लॉस एंजेलिसमध्ये मोटारसायकलवरचे पोलीसच कोर्टात गेले," माईंनी भर घातली. "म्हणाले, आमच्यावर आकड्याची सक्ती करतात, नाही म्हटलं की त्रास देतात. कॅलिफोर्नियात असा कोटा ठेवायला कायद्यानं बंदी आहे. 2011 मध्ये ज्यूरीनं दोघांना मिळून वीस लाख डॉलर दिले. मग बाकीच्यांशी 2013 मध्ये साठेक लाखांची तडजोड. जावई म्हणतो, ज्या पावत्यांसाठी एवढं केलं त्यातून तेवढे पैसे सुटले तरी असतील का!"

आमच्या गल्लीत जमादारकाका राहतात. ट्रॅफिकमधूनच निवृत्त झालेत. पिशवी घेऊन दळणाला निघाले होते, ते नेमके या वाक्याला कुंपणाशी पोचले. सगळे गप्प. माईंनी उगाच विचारलं, "ज्वारी का?"

"बोला की," काका पिशवी खाली ठेवत म्हणाले. "आम्हाला शिव्या खायची सवय आहे."

मग मीच विचारलं. खरं सांगा, टार्गेट असतं का?

काकांनी जरा विचार केला. "लेखी नसतं. आमच्या वेळी तरी मी कागद पाहिला नाही. पण संध्याकाळी साहेब विचारणार, आज किती केसेस? शेजारच्या पॉइंटवर चाळीस आणि तुझ्या पॉइंटवर नऊ, असं कसं? आता मला सांगा, दिवसभर मी चौकातली कोंडी सोडवली, ती कुठल्या रकान्यात भरू? एक म्हातारी हाताला धरून रस्ता ओलांडून दिली, तिची पावती असते का? मोजता येतं तेच साहेबांना दिसतं."

नानांनी मान डोलावली. मला वाटतं, सगळ्या गप्पांत हे एवढंच वाक्य मोलाचं होतं. पैसा कुणाच्या खिशात जातो हा प्रश्न अमेरिकेतल्या त्या गावांना लागू, कारण तिथं गावच पावती फाडतं आणि गावच त्यावर पगार करतं. आपल्याकडं पैसा राज्याचा, आणि तोही हातात पडतो कुठं? ई-चलानची थकबाकी शेकडो कोटींची. लोक मेसेज वाचतात, हसतात आणि लोकअदालतीत सूट मिळेल म्हणून वाट बघतात. पैशासाठीच चाललं असतं तर एवढी उधारी कुणी ठेवली नसती. इथं भूक आहे ती आकड्याची. साहेबाच्या वरही साहेब आहे, त्याला महिन्याचा तक्ता लागतो, त्यात मागच्या महिन्यापेक्षा रेघ वर गेलेली लागते.

"टोइंगचं मात्र तसं नाही हां," काका आवाज खाली आणून म्हणाले. "गाडी उचलणारा ठेकेदार खासगी. त्याला गाडीमागं पैसे. त्याला कुणी टार्गेट द्यायला नको, त्याचं पोटच टार्गेट आहे." बाजारात शाळेच्या दारात तिरकी लागलेली जीप तशीच राहते आणि कडेची स्कूटर तेवढी उचलली जाते, ते का, हे मला तेव्हा कळलं. स्कूटर दोन पोरं हातानं उचलतात. जीपला क्रेन लावावी लागते आणि तिच्या काचेवर बहुधा कुणाचं तरी नाव असतं.

"म्हणजे पावत्याच बंद कराव्यात," मी म्हटलं.

"नको गं बाई!" हे माईंनी म्हटलं, म्हणून मी चकित झाले. मग त्यांनी सांगितलं, न्यू जर्सीत 2023 च्या जुलैमध्ये एक अहवाल निघाला, की तिथले राज्य पोलीस काळ्या आणि लॅटिनो लोकांच्या गाड्यांना जास्त त्रास देतात. पोलिसांना राग आला. त्यांनी काय करावं? पावत्या देणंच सोडलं! आठ महिने पावत्या साठेक टक्क्यांनी घटल्या. दारू पिऊन चालवणारे, फोनवर बोलणारे, सगळ्यांना मोकळं रान. आणि मोठ्या हमरस्त्यांवर अपघात लगेच वाढले. "जावई रोज त्याच रस्त्यानं जायचा," माई म्हणाल्या. "म्हणायचा, लोकांना कळलं होतं, कुणी धरत नाही. पुढं चौकशीला आपला वकील प्रीत भरारा नेमला. आपला म्हणजे फिरोजपूरचा, पण तिकडं गेलं की सगळे आपलेच."

जमादारकाकांना हे फार आवडलं. त्यांनी पिशवी उचलायचा बेत सोडला. म्हणाले, देशात वर्षाला दीड लाखावर माणसं रस्त्यावर मरतात, त्यात दुचाकीवाले सगळ्यांत जास्त. हेल्मेटची पावती दिली की लोक आम्हाला लुटारू म्हणतात. पुण्यात 2019 च्या जानेवारीत सक्ती लावली तर लोकांनी मोर्चे काढले. "डोकं त्यांचं, टाके डॉक्टर घालणार, आणि शिव्या आम्हाला."

"ते सगळं मान्य," नाना म्हणाले. नानांची मान्यता ही हरकतीची पहिली ओळ असते. "पण मग कॅनॉलच्या वळणावर का? त्या वळणावर गेल्या काही वर्षांत कुणाला साधं खरचटल्याचं मी ऐकलं नाही. वडाच्या झाडाआड उभं राहायचं, वर वाढदिवसाचा फ्लेक्स, त्याच्या सावलीत मशीन घेऊन. गाडी समोर येईपर्यंत चालवणाऱ्याला दिसत नाही. आणि अपघात होतात कुठं? शाळेपुढच्या तिठ्यावर. तिथं ट्रक येतात, सिग्नल बंद, पोरं पळत सुटतात. तिथं कधी मामा दिसलाय?"

काका जरा गप्प राहिले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "तिठ्यावर उभं राहिलं की धूळ खात वाहतूक सांभाळावी लागते. पावती फाडायला उसंत मिळत नाही. वळणावर एकेक येतो, आपसूक सापडतो." आणि हळूच, "सावली पण असते."

म्हणून मला आता टार्गेट आहे की नाही या वादात फारसा रस राहिला नाही. कुणी मान्य करणार नाही. अमेरिकेत वीसेक राज्यांनी कोट्याला कायद्यानं बंदी घातली, तरी तिथं हा वाद मिटलेला नाही. बंदीचा कायदा झाला की टार्गेटचं नाव फक्त बदलतं. त्यापेक्षा पोलीस कुठं उभा आहे ते बघावं. जिथं माणसं मरतात तिथं उभा असेल तर शंभर पावत्या फाडो, मी धाकट्याचा कान पिळीन. जिथं माणसं नुसती सापडतात तिथं उभा असेल तर मात्र तक्त्याचं काम चालू आहे असं समजायला हरकत नाही.

"आणखी एक गंमत," नाना म्हणाले. "2019 च्या दुरुस्तीत कलम 210 ब आलंय. कायदा राबवणाऱ्यानंच नियम मोडला तर त्याला दंड दुप्पट."

सगळ्यांनी एकदम जमादारकाकांकडं पाहिलं. काका म्हणाले, "आमच्या सर्व्हिसमध्ये ते कलम नव्हतं," आणि पिशवी खांद्यावर टाकून दळणाला गेले. जाताना वळून सांगून गेले, की नोकरीत आहेत त्यांना दुप्पट लावणारा अजून जन्माला यायचाय.

"पण नाना, हे नुसतं कुंपणावर बोलून काय उपयोग?" मी म्हटलं.

"माहितीचा अधिकार टाकतो," नानांनी कात्री खिशात ठेवली, म्हणजे विषय गंभीर. "दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. दोनच प्रश्न. नाकाबंदीचा पॉइंट कुठल्या निकषावर ठरतो, आणि मासिक आढाव्यात कर्मचाऱ्याची कामगिरी कशावर मोजतात. आणि पार्श्वभूमी म्हणून फर्ग्युसनच्या अहवालातला एक उतारा, न्यू रोमचा थोडा इतिहास..."

"आपल्या राज्यात अर्जाला शब्दमर्यादा आहे ना?" माईंनी मटाराचं भांडं उचलत विचारलं. "दीडशे?"

"दीडशे."

"तुम्हाला?" माई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून आत गेल्या. "तुझ्याकडूनच लिहून घेऊ गं. यांचा नमस्कारच दीडशे शब्दांचा होतो."