फुकट ओढणाऱ्यांचा कृतघ्नपणा

सिगारेट न ओढणाऱ्या माणसाइतका कृतघ्न माणूस शोधून सापडायचा नाही. पैसे समोरच्याचे, काडी समोरच्याची, डॉक्टरांची बोलणीही समोरच्यालाच. याच्या नाकाशी धूर आयता येतो. तरी हा खोकतो. ओढणाऱ्यांचं पक्कं मत आहे की हा खोकला खरा नसतो, टोमणा असतो. पण ओढणारा मुळात समंजस. तो लगेच हात लांब करतो. त्यामुळे सिगारेट त्याच्या स्वतःच्या नाकापासून हातभर दूर जाते आणि शेजारच्या बाकावरच्या आजोबांच्या नाकाशी येते. याला इतरांची काळजी घेणं म्हणतात.

त्यातही न ओढणाऱ्याला मिळतो तो माल अस्सल. दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेट नुसती जळत असते, तेव्हा टोकातून निघणारा धूर ना फिल्टरमधून जातो, ना कोणाच्या छातीतून. आसपासच्यांच्या वाट्याला येणाऱ्या धुरात मोठा भाग ह्याचाच. म्हणजे पैसे मोजणारा फिल्टर लावून ओढतो आणि फुकटे बिनफिल्टरची. एवढा पाहुणचार करूनही कोणी आभार मानत नाही.

महाराष्ट्रात असे यजमान फार नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले. शंभरातले चारसुद्धा नाहीत. आपला खरा राज्यव्यापी छंद गालातला आहे. मळलेली तंबाखू, मशेरी, मावा, खर्रा असं सगळं धरून तोंडात ठेवणारे २४.४ टक्के. (त्यांचा आणि शेजाऱ्यांचा संबंध जिन्याच्या कोपऱ्यामार्फत येतो. त्यांच्यावर पुन्हा कधी तरी, कोपरा वाळला की.) तर शंभरात चार ओढणार आणि शहाण्णव सरकणार, असा हा हिशेब आहे. बसस्टॉपवर एकाने पेटवली की रांग आपोआप मागे सरते. पेटवणारा सरत नाही. बस आली की पहिला तोच चढतो.

‘तुम्हाला चालेल ना?’ असं विचारणारे सभ्य लोकही असतात. फक्त लायटरचा आवाज आधी येतो, प्रश्न मागून. आणि आपण काय म्हणणार? ‘हो हो, बिनधास्त!’ मराठी माणूस भाजीवालीशी दोन रुपयांसाठी दहा मिनिटं भांडेल, पण घरी आलेल्या व्याह्यांना ‘नाही चालणार’ असं त्याच्या तोंडून निघायचं नाही. तो उठून पंखा लावतो. पंख्यामुळे एका कोपऱ्यातला धूर चारही कोपऱ्यांना समान मिळतो.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे ओढणाऱ्यांना काही लाजलज्जाच नाही. साफ खोटं. आपल्याइतका मर्यादा पाळणारा धूम्रपानी जगात नसेल. पन्नाशीचा माणूस, स्वतःचं ऑफिस, हाताखाली वीस माणसं; पण वडील कोपऱ्यावरून येताना दिसले की जळती सिगारेट मुठीत लपवतो, प्रसंगी तळहात भाजून घेतो. ‘आजतागायत बाबांसमोर ओढलेली नाही,’ हे तो छाती पुढे काढून सांगतो, आणि ऐकणारे संस्कार म्हणून माना डोलावतात. हाच माणूस गाडीच्या काचा वर करून, एसी लावून, मागच्या सीटवर दोन वर्षांचं पोर असताना निवांत पेटवतो. पोर लहान आहे, त्याच्याशी कसली मर्यादा? आपला आदर सगळा समोरच्याच्या डोळ्यांसाठी असतो. फुप्फुसं दिसत नाहीत, त्यामुळे त्यांना कोणी काका-मामा म्हणत नाही.

एकदा हे ध्यानात आलं की बाकी सगळ्याची संगती लागते. पाकिटावरचं चित्र घ्या. २०१६ च्या एप्रिलपासून पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग सडलेल्या घशाचे वगैरे फोटो आणि इशारा यांनी भरलेला असतो. सरकारला वाटलं, बघून तरी दचकतील. गिऱ्हाईक टपरीवाल्याला म्हणालं, ‘हे घशाचं नको, दुसरं दे.’ ज्यांना तेवढंही बघवत नाही ते सुट्टी घेतात. महाराष्ट्र सरकारने २०२० च्या सप्टेंबरात सुट्टी सिगारेट आणि बिडी विकायला बंदी घातली, त्यामागचं कारण हेच होतं की एकेक सिगारेट विकली तर इशारा टपरीवाल्याकडेच राहतो. बंदीचं पुढे काय झालं हे बघायला कोणत्याही टपरीवर पाच मिनिटं उभं राहावं. कटिंग येतो, सुट्टी येते, दोरीला बांधलेला लायटर येतो. इशारा बरणीमागे ठेवलेल्या पाकिटावर तसाच असतो, त्याला कोणी त्रास देत नाही.

कायद्याचंही तसंच. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला तो २ नोव्हेंबर २००१ रोजी, आणि याचिका होती मुंबईचे मुरली देवरा यांची. मग २००३ चा कायदा आला, आणि २००८ साली गांधीजयंतीचा मुहूर्त धरून सविस्तर नियम आले. त्यात पाटीचं मापसुद्धा ठरवून दिलंय: साठ सेंटिमीटर बाय तीस. पाटीवर तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव हवं. अनेक कचेऱ्यांत पाटी माप घेऊन लावलेली असते, खालची नावाची जागा कोरी असते, आणि ज्यांचं नाव तिथे यायचं ते साहेब कुठे गेलेत असं विचारलं तर शिपाई जिन्याकडे बोट दाखवतो. दंड २००८ साली दोनशे रुपयांपर्यंत होता, आजही दोनशेच. इतक्या वर्षांत वडापाव कुठल्या कुठे गेला, पण दंडाने शब्द पाळला. दोनशे रुपयांत आता बऱ्या सिगारेटचं वीसचं पाकीटही येत नाही. रेल्वे त्याहून दयाळू. डब्यात ओढली तर रेल्वे कायद्याच्या १६७ व्या कलमाखाली शंभरापर्यंत.

आणि हा सगळा कायदा घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबतो. आत मालक राजा. आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी अर्ज दिला होता की तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा धूर रोज रात्री आमच्या बेडरूममध्ये येतो, घरात दम्याचं पेशंट आहे. कमिटीने विषय वार्षिक सभेत घेतला. पार्किंग आणि पाण्याची टाकी यांत अडीच तास गेल्यावर शेवटच्या सात मिनिटांत चर्चा झाली. काका शांतपणे म्हणाले, ‘फ्लॅट माझा, गॅलरी माझी. मी तर घरच्यांना त्रास नको म्हणून बाहेर ओढतो.’ सभागृहाला हे पटलं. धूर काकांच्या मालकीचा नसून हवेच्या मालकीचा आहे, असा काहीसा सूर लागला. बाईंना खिडकी बंद ठेवून सहकार्य करण्याची विनंती करण्यात आली. इतिवृत्तात ‘विषय सामोपचाराने मिटला’ अशी नोंद आहे.

काकांच्या गॅलरीबद्दल मात्र दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण विचारशील धूम्रपानाचा तो नमुना होता. रात्री साडेनऊला जेवण आटोपून काका बाहेर यायचे. सरकता दरवाजा मागे ओढून घ्यायचे, पण पुरता नाही. आत मॅच चालू असायची आणि स्कोअर कानावर पडायला हवा, म्हणून चार बोटं फट. हात ग्रिलबाहेर. राख दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यावर. थोटूक कुंडीत, तुळशीच्या नव्हे, तिथे संस्कार आडवे यायचे, शेजारच्या कोरफडीच्या. मग बेसिनवर साबणाने हात, तोंडात चिमूटभर बडीशेप, शर्टावर सेंटचा फवारा आणि लगेच नात कडेवर. शर्टाच्या धाग्यांत, मिशांत, पडद्यांत चिकटलेलं निकोटीन सेंटला दाद देत नाही, हे खरं. पण वास गेला म्हणजे वस्तू गेली असं धरून चालायची आपली रीत आहे.

१९८१ साली ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने नव्वद हजारांवर न ओढणाऱ्या बायकांच्या चौदा वर्षांच्या नोंदी तपासून सांगितलं होतं, की नवरा जितका जास्त ओढणारा तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त. सिगारेट कंपन्यांनी त्याच्या आकडेमोडीवर पुढे बरीच वर्षं वाद घातला. आपल्याकडच्या नवऱ्यांनी वाद घातला नाही. ते गॅलरीत गेले.

एवढं सगळं करण्यापेक्षा माणूस सोडत का नाही? सोडतो की! ओढणाऱ्याइतक्या वेळा कोणीच काही सोडत नाही. गुढीपाडव्याला सोडतो, ३१ मेच्या तंबाखूविरोधी दिनाला सोडतो, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सोडतो. सोडण्याआधी पाकीट संपवतो, अन्न वाया घालवू नये म्हणून. मग घोषणा. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाशिकच्या आत्यापासून न्यू जर्सीच्या भाच्यापर्यंत सगळे फुलं वाहतात. आणि इथून पुढे सोडण्याचं काम घरातले बाकीचे लोक करतात. सकाळचा चहा बंद, कारण चहा घेतला की तलफ येते; त्याला येते, पण चहा सगळ्यांचा बंद. टीव्हीचा आवाज बारीक. दहावीच्या मुलाने पेन टकटक वाजवायचं नाही. भाजीत मीठ कमी पडलं तर तो सूड समजला जातो. तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणते, ‘अहो, एक ओढा जाऊन, पण माणसांत या.’ तो नाराजीने खाली उतरतो. घरच्यांची साथ मिळाली नाही, असं टपरीवर सांगतो.

आता तिसराच दिवस का, याला कारण आहे. निकोटीन बंद झाल्यावर चिडचिड, डोकेदुखी, झोपेचं खोबरं हा सगळा तमाशा पहिल्या दोन-तीन दिवसांत टिपेला असतो. मग हळूहळू उतरतो, काही आठवड्यांत बराचसा निवतो. आणि एकेक तलफ म्हणाल तर काही मिनिटांची पाहुणी. तेवढा वेळ हात-तोंड गुंतवलं तर ती परत जाते. म्हणजे आपला वीर दर वेळी ऐन घाट चढून माथ्यावर पोचतो आणि उतार लागायच्या आत माघारी फिरतो. पण हे माहीत करून घ्यायला कोणाला विचारावं लागतं, आणि विचारणं म्हणजे हार. १८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट सल्ल्याचा नंबर २०१८ पासून पाकिटावर छापलेला आहे. सुट्टी घेणाऱ्याला तो दिसणार कसा? आणि पाकीट घेणारा म्हणतो, ‘मनावर घेतलं तर मी आज सोडेन, फोन कशाला?’ मन ही त्याची राखीव फौज आहे. ती कधीच बाहेर काढायची नसते.

निकोटीनचं च्युइंगगम मिळतं औषधाच्या दुकानात. बहुतेक जण ते खरोखरच्या च्युइंगगमसारखं कचाकचा चावतात, मग उचक्या लागतात, पोटात मळमळतं आणि ‘मला सूट होत नाही’ म्हणून प्रयोग संपतो. खरी रीत अशी की थोडं चावायचं, तोंडाला झिणझिण्या आल्या की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्या मधे धरून ठेवायचं. चुरचुर कमी झाली की पुन्हा थोडं चावायचं. गालात ऐवज धरून बसण्याची ही कला महाराष्ट्राला शिकवावी लागावी, यापरता दैवदुर्विलास कोणता?

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र सोडली. घोषणा न करता, हे विशेष. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून जे काही सांगितलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. गम गालात धरलं, तलफ आली की कोरफडीच्या कुंडीतली थोटकं वेचत बसले, आणि काही महिन्यांत मोकळे झाले. आम्हाला कळलं ते दुसऱ्या मजल्यावरचे अभ्रे स्वच्छ दिसायला लागले तेव्हा. काकांना मनापासून शाबासकी दिली पाहिजे, मी दिली.

अडचण पुढेच झाली. सिगारेट सुटली की जिभेची चव परत येते, तसा नाकाचा वासही परत येतो. काकांचं नाक कित्येक वर्षांनी जागं झालं, आणि जागं होताच त्याला पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलांचा धूर आला. काका खवळले. एवढी घाण लोक सहन तरी कशी करतात, असं ते जिन्यात भेटेल त्याला विचारू लागले. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनाही त्यांनी हे विचारलं. मुलांनी ‘गॅलरी आमची आहे, अंकल’ असं नम्रपणे सांगितल्यावर काकांनी रात्र जागून कमिटीला तीन पानी अर्ज लिहिला. २००१ चा आदेश, २००३ चा कायदा, हिरायामा, सगळं त्यात आहे. घरातसुद्धा, गॅलरीतसुद्धा, ग्रिलबाहेर हात काढूनसुद्धा कोणी धूम्रपान करू नये आणि केल्यास पाचशे रुपये दंड घ्यावा, अशी मागणी आहे. अनुमोदक म्हणून चौथ्या मजल्यावरच्या बाईंची सही त्यांनी स्वतः वर जाऊन घेतली. सही झाल्यावर, लिफ्टमध्ये, त्यांनी खाली एक ओळ वाढवली: ताजा कलम – सदर नियम मागील तारखेपासून लागू करू नये.