खिडकीची काच हीच परीक्षक

गाण्याचं मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा शेवटचा हात, कसं झालंय हे ठरवायला मुंबईचे ध्वनिअभियंते महागड्या स्पीकरांसमोर डोळे मिटून बसतात. मध्य प्रदेशाच्या सीमेवर, तुमसर तालुक्यातल्या बपेऱ्याला एवढी फुरसत कुठली! वरातीच्या डीजेनं खिडकीची काच थरथरली की गाणं पास. गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली तर विशेष प्रावीण्य.

हसू नका. मोठमोठ्या संगीत कंपन्यांची पट्टीही हीच होती. २००८ साली मेटालिका या रॉक बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम इतका दाबून मोठा केला, की चाहत्यांनीच बोंब मारली. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओगेममधली तीच गाणी त्यांना अधिक सुरेल वाटली. सीडीत हळू ते मोठ्या आवाजापर्यंत साधारण ९६ डेसिबलचं ऐसपैस अंगण, आणि गाणं सगळं माळ्यावर कोंबलेलं! आता स्पॉटिफाय सगळ्यांना साधारण उणे १४ एलयूएफएस या एकाच आवाजपातळीवर आणून बसवतं. जो जास्त ओरडेल, त्याचाच आवाज खाली. (ग्रामसभेत अशी सोय कधी येणार?)

डीजे मात्र या शिस्तीच्या बाहेर. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, हे कागदावर छान दिसतं. पण हळू आवाजाची किंमत इथे कळत नाही असंही नाही. तुमसरच्याच जिल्ह्यात डफ-तुणतुण्यावर खडी गंमत ही लोककला रंगते. शाहिराने आवाज उतरवला की मंडळी कान पुढे करतात. तोच उतार रेकॉर्डिंगमध्ये ठेवून बघा. मांडवातून लगेच हाक येईल, “वायर ढिल्ली झाली का गा?”